ऑस्ट्रेलियातील इंग्लिश ग्रिल

निखाऱ्यांवर लोखंडी जाळी ठेवायची, तिच्यावर मांसाचा जाड काप शेकायचा आणि मीठ-मिरीपलीकडे फारसे काही न लावता तो गरमागरम पुढ्यात आणायचा, एवढ्या साध्या कृतीवर इंग्लिश ग्रिल ही भोजनपद्धत उभी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत लंडनमध्ये चॉप हाउस नावाच्या खाणावळी होत्या. उंच पाठीच्या लाकडी बाकांनी केलेले कप्पे, भिंतीतली धगधगती चूल आणि मोजकेच पदार्थ असे त्यांचे रूप असे. वकील, व्यापारी, कारकून तिथे दुपारी चॉप किंवा स्टेक खात आणि बिअर पीत. चॉप म्हणजे हाडासकटचा काप, बहुधा मेंढीचा, आणि स्टेक म्हणजे बिनहाडाचा किंवा थोड्या हाडाचा गोमांसाचा जाड काप. १७३५ साली कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात स्टेक खाणाऱ्यांची एक मंडळीच स्थापन झाली. चित्रकार विल्यम होगार्थ तिचा सभासद होता आणि शेकण्याची जाळी हे तिचे बोधचिन्ह होते. फ्रेंच स्वयंपाकातील सॉस आणि सजावट यांच्यासमोर साधे भाजलेले गोमांस हा त्या काळच्या इंग्रजांना स्वतःच्या देशाच्या अभिमानाचा विषय वाटे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या हॉटेलांनी मुख्य भोजनगृहाशेजारी ग्रिल रूम उघडल्या. तिथे पोशाखाचे नियम सैल असत, जेवण लवकर मिळे आणि ग्राहकाला आपला काप कसा शेकला जातो आहे हे समोर दिसे.

ही पद्धत ऑस्ट्रेलियात पोचली तेव्हा तिच्याबरोबर इंग्लंडातली एक अडचण आली नाही. ती म्हणजे मांसाची महागाई. १७८८ साली पहिल्या ब्रिटिश ताफ्याने केप ऑफ गुड होपहून थोडी गुरे आणली होती. राखणीत हयगय झाल्याने ती रानात पळाली आणि सात वर्षांनी, १७९५ मध्ये, सिडनीच्या नैर्ऋत्येला कुरणांत कित्येक पटींनी वाढलेली सापडली. त्या जागेला काऊपाश्चर्स हे नाव पडले. पुढच्या शतकभरात गुरे आणि मेंढ्या खंडभर पसरल्या. कुरणांवरच्या मजुराला आठवड्याला १० पौंड पीठ, १० पौंड मांस, २ पौंड साखर आणि पाव पौंड चहा असा शिधा मिळे. तो इतका सर्वत्र ठरलेला होता की ‘दहा, दहा, दोन आणि पाव’ असे त्याचे बोलच झाले. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. लंडनमधल्या मजुराला रविवारीच दिसणारा मांसाचा तुकडा इथल्या मजुराच्या न्याहारीलाही असे. म्हणून लंडनमध्ये ऐपतदारांचे मानले जाणारे स्टेकचे ताट ऑस्ट्रेलियात अगदी सुरुवातीपासून कष्टकऱ्याचेही राहिले. येथील ग्रिलचा मोकळा, बिनमानपानाचा स्वभाव या एका गोष्टीतून आलेला आहे.

१८५० च्या दशकात व्हिक्टोरियात सोने सापडले आणि मेलबर्न पाहता पाहता श्रीमंत झाले. त्या काळात फेलिक्स स्पायर्स आणि ख्रिस्तोफर पाँड या दोन इंग्रजांनी बर्क स्ट्रीटवरच्या थिएटर रॉयलमध्ये कॅफे द पारी हे भोजनगृह चालवले. क्रिकेटच्या इतिहासात ही जोडी वेगळ्या कारणाने ओळखली जाते. इंग्लंडचा संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आला तो १८६१-६२ मध्ये, एच. एच. स्टीफन्सनच्या नेतृत्वाखाली, आणि त्याचा सारा खर्च याच दोघांनी उचलला होता. मेलबर्नमध्ये कमावलेला पैसा आणि धंद्याची समज घेऊन दोघे लंडनला परतले आणि १८७३ मध्ये त्यांनी पिकॅडिलीतले क्रायटेरियन रेस्टॉरंट उघडले. इंग्लंडकडून वसाहतीत आलेली भोजनाची रीत अशी उलट दिशेनेही गेली. मांस तर त्याहून मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. १८७९ च्या अखेरीस ‘स्ट्रॅथलेव्हन’ हे जहाज सुमारे ४० टन गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि फेब्रुवारी १८८० मध्ये लंडनला पोचले. विषुववृत्त ओलांडूनही मांस खाण्याजोगे राहिले, आणि तेव्हापासून ऑस्ट्रेलियाच्या कुरणांना जगाची बाजारपेठ मिळाली.

विसाव्या शतकात मात्र ग्रिलची वाट काही काळ अडली, आणि तिचे कारण दारूबंदीच्या चळवळीत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांनी पब संध्याकाळी सहाला बंद करण्याचा नियम केला. पाचला काम सुटायचे आणि सहाला दार बंद व्हायचे, त्यामुळे त्या एका तासात पुरुष उभ्याउभ्या जमेल तितकी बिअर ढोसत. पबमालकांनी टेबलखुर्च्या काढल्या आणि भिंतींना धुवायला सोप्या फरशा लावल्या. रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन वा बिअर घेण्याची सवयच अशाने मोडली. टास्मानियाने हा नियम १९३७ मध्ये सोडला, न्यू साउथ वेल्सने १९५५ मध्ये, व्हिक्टोरियाने १९६६ मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियाने १९६७ मध्ये. त्यानंतर पबांना गिऱ्हाइकाला बसवून खाऊ घालण्याची गरज पडली आणि शेकलेला रम्प स्टेक, तळलेले बटाटे, कोशिंबीर हे ताट पुन्हा पुढे आले. ऑर्डर काउंटरवर द्यायची, नंबर घ्यायचा आणि टेबलावर जाऊन बसायचे ही पबमधील ‘काउंटर मील’ची रीत आजही तशीच आहे.

मधल्या काळात इंग्लिश ग्रिल जिवंत ठेवले ते बऱ्याच प्रमाणात इंग्रज नसलेल्या लोकांनी. ग्रीसमधून, विशेषतः किथिरा बेटावरून आलेल्या कुटुंबांनी न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या गावोगावी कॅफे उघडले. स्वतःच्या घरी ते ऑलिव्ह तेलात शिजवत, पण गिऱ्हाइकाला देत स्टेक आणि अंडी, चॉप किंवा मिक्स्ड ग्रिल, म्हणजे एकाच ताटात चॉप, सॉसेज, बेकन, किडनी आणि भाजलेला टोमॅटो. मेलबर्नमध्ये क्रोएशियातून आलेल्या व्लाडो ग्रेगुरेक यांनी १९६४ मध्ये रिचमंड उपनगरातील ब्रिज रोडवर ‘व्लाडोज’ सुरू केले. तिथे पदार्थांची लांबलचक यादी नसते. आधी घरची सॉसेज येतात, मग काळीज व इतर मांसाचे लहान तुकडे आणि शेवटी निवडलेला स्टेक. मांस निवडण्यापासून ते कोळशावर उलटण्यापर्यंत सारे ग्रेगुरेक स्वतः पाहत. एकच गोष्ट करायची आणि ती नीट करायची, हा लंडनच्या चॉप हाउसचा बाणा त्यांनी जितका सांभाळला तितका लंडनमध्येही फार थोड्यांनी सांभाळला असेल.

ब्रिस्बेनमधील ब्रेकफास्ट क्रीक हॉटेल ही दुसरी जुनी जागा. ही इमारत १८८९-९० मधली. तिथे काचेआड मांडलेल्या कापांतून ग्राहक आपला काप बोटाने दाखवून निवडतो आणि मग तो जाळीवर जातो. लाकडी पिंपातून काढलेली बिअर ही तिथली दुसरी ख्याती. काही पबांच्या अंगणात याच्याही पुढची सोय असते. कच्चा काप विकत घ्यायचा आणि सामायिक जाळीवर आपला आपण शेकायचा.

चांगल्या ग्रिलमध्ये जेवणाचा क्रम ठरलेला असतो. आधी येतो तो लहान पदार्थ, ज्याला ऑस्ट्रेलियात ऑन्ट्रे म्हणतात. सिडनी रॉक जातीची कालवे लिंबू पिळून कच्ची खातात, किंवा किलपॅट्रिक पद्धतीने, म्हणजे वर बेकनचे तुकडे आणि वूस्टरशायर सॉस घालून भाजून. कोळंबीचे कॉकटेल हा १९६०-७० च्या दशकांतला आवडता पदार्थ अजून टिकून आहे. कालवे आणि स्टेक यांचा मेळ घालणारा कार्पेटबॅग स्टेक याच देशात रुजला. त्यात जाड कापाला खिसा पाडून आत कालवे भरतात आणि मग तो शेकतात. गोमांसासोबत कोळंबी वा शेवंड असेल तर त्या ताटाला ‘रीफ अँड बीफ’ म्हणतात.

मग कापाची निवड. आय फिलेट हा कण्याच्या आतल्या बाजूचा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, म्हणून तो सर्वांत मऊ असतो आणि सर्वांत महाग. पण त्यात चरबी कमी असल्याने चव सौम्य असते. स्कॉच फिलेट बरगड्यांवरचा. त्याच्या मांसात चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या असतात आणि त्या वितळल्या की काप रसाळ होतो. व्हिक्टोरियात पोर्टरहाउस म्हणतात त्याच कमरेवरच्या कापाला इतर काही राज्यांत सरलॉइन म्हणतात, म्हणून परगावच्या माणसाने विचारून घेणे बरे. टी-बोनमध्ये हाडाच्या एका बाजूला सरलॉइन आणि दुसऱ्या बाजूला फिलेट असतो. रम्प मागच्या भागाचा, थोडा चिवट, पण चवीला भरदार आणि स्वस्त. पबचा खरा काप तोच. फिलेट साधारण २००-२५० ग्रॅमचा, रम्प ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि हाडासकट बरगडीचा काप एक किलोपर्यंत जातो. असा मोठा काप दोघांनी वाटून घेण्यात कुणाला गैर वाटत नाही.

त्यानंतर वाढपी विचारतो तो प्रश्न म्हणजे किती शेकायचे. ब्लू म्हणजे बाहेरून करपलेला आणि आत जवळजवळ कच्चा. रेअरमध्ये गाभ्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या थोडे वर जाते, मीडियम रेअरमध्ये ५५ च्या पुढे, मीडियममध्ये ६० ते ६५, आणि वेल डनमध्ये ७० च्या वर. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. तापमान वाढते तसे ते रचना बदलते आणि रंग गुलाबीवरून करड्याकडे जातो. ताटात उतरणारा तांबूस रस रक्त असल्याची समजूत सार्वत्रिक आहे, पण तो मायोग्लोबिन मिसळलेले पाणी असतो. ६० अंशांच्या पुढे स्नायूंचे तंतू आकसून पाणी बाहेर ढकलतात, म्हणून वेल डन काप कोरडा लागतो. अखंड कापाच्या आत सहसा जंतू नसतात. ते पृष्ठभागावर असतात आणि तिथली धग त्यांना मारते. खिम्यात मात्र पृष्ठभाग आत मिसळला जातो, म्हणून बर्गर पूर्ण शिजवणेच योग्य.

जाळीवरची खरी किमया पृष्ठभागावर घडते. सुमारे १४० अंशांच्या वर मांसातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांची परस्परांवर क्रिया होते आणि शेकडो नवी गंधद्रव्ये तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. पाणी १०० अंशांवर उकळते, म्हणून ओल्या पृष्ठभागावर ही क्रिया सुरूच होत नाही. त्यासाठी जाणता आचारी काप आधी कोरडा पुसतो आणि जाळी नीट तापल्याखेरीज तो ठेवत नाही. शेकल्यावर काप काही मिनिटे विसावू देतात. लगेच कापला तर रस ताटात वाहून जातो. ऑस्ट्रेलियात आयर्नबार्क, रेड गम अशा देशी झाडांची जड, सावकाश जळणारी लाकडे वापरतात. सिडनीत २०१५ मध्ये उघडलेल्या ‘फायरडोर’मध्ये लेनॉक्स हेस्टी सगळा स्वयंपाक लाकडाच्या विस्तवावरच करतात, आणि कोणत्या पदार्थाला कोणते लाकूड हेही तिथे ठरलेले असते.

मांसाची प्रत शेकण्याच्या खूप आधी ठरते. कापलेले जनावर शून्याच्या आसपासच्या तापमानात काही आठवडे टांगून ठेवले की त्यातील विकरे तंतू सैल करतात, ओलावा उडतो आणि चव घट्ट होते. कुरणावर वाढलेल्या जनावराची चरबी पिवळसर आणि चव अधिक ठसठशीत असते, तर धान्यावर पोसलेल्याची चरबी पांढरी आणि चव गोडसर. मेनूकार्डावर हे लिहिलेले असते, कधी गोठ्याच्या किंवा प्रदेशाच्या नावासकट. टास्मानियातील केप ग्रिमचे मांस अशाच नावाने विकले जाते. नील पेरी यांनी २००६ मध्ये मेलबर्नला आणि २००९ मध्ये सिडनीला उघडलेल्या ‘रॉकपूल बार अँड ग्रिल’ने ही माहिती ग्राहकाला देण्याची रीत प्रतिष्ठित केली. सिडनीची जागा १९३६ च्या सिटी म्युच्युअल इमारतीत आहे, आणि तिचे उंच हिरवट खांब पाहिले की ग्रिल रूमला एके काळी असलेला थाट कळतो.

जनावरांच्या जातींची कथा महाराष्ट्रातील वाचकाला जवळची वाटेल. इंग्रजांनी आणलेली शॉर्टहॉर्न आणि हियरफर्ड ही गुरे थंड हवेची. दक्षिणेत ती सुखाने वाढली, पण क्वीन्सलँड आणि उत्तरेच्या उष्ण प्रदेशात ती उन्हाने आणि गोचिडांनी खंगली. १८७२ मध्ये डार्विनला आलेल्या गुरांबरोबर गोचीड देशात शिरली होती आणि तिच्यामुळे पसरलेल्या तापाने हजारो जनावरे मेली. यावर तोडगा म्हणून १९३३ मध्ये अमेरिकेतून ब्राह्मन जातीची गुरे आणली गेली. ही जात अमेरिकेत तयार झाली असली तरी तिचे मूळ भारतीय गुरांत आहे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरे यांच्या संकरातून ती घडली. यांपैकी कृष्णाकाठची जात सांगली-कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या काळ्या जमिनीत नांगरासाठी जोपासलेली. सैल कातडी, लोंबती पोळी, वशिंड आणि उन्हात न थकण्याची ताकद घेऊन या गुरांचा वंश ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत पसरला. गोमांसाची राजधानी म्हणवणाऱ्या रॉकहॅम्प्टन गावात चौकाचौकांत बैलांचे पुतळे आहेत आणि त्यांत ब्राह्मनही आहे.

या वंशाचा ताटावरही परिणाम होतो. ब्राह्मन रक्त अधिक असलेल्या जनावराचे मांस सरासरीने थोडे चिवट असते, कारण कापल्यानंतर तंतू सैल करणाऱ्या विकरांना रोखणारे द्रव्य त्यात जास्त असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया’ या प्रतवारीत म्हणून वशिंडाची उंचीही मोजतात. चरबीच्या रेषा, हाडाची पक्वता, मांसाची आम्लता यांच्याबरोबर तो आकडा हिशेबात धरून कोणता काप किती दिवस मुरवून कोणत्या पद्धतीने शिजवला तर मऊ लागेल हे सांगितले जाते. हा हिशेब हजारो सामान्य ग्राहकांना कोणते मांस आहे हे न सांगता ते चाखायला देऊन बसवलेला आहे. खाणाऱ्याच्या जिभेला प्रमाण मानणारी इतकी काटेकोर प्रतवारी फार थोड्या देशांनी केली आहे.

एवढ्या गुरांना लागणारी जमीन मात्र रिकामी नव्हती. साउथ ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक हे एकच कुरण जवळपास पुणे जिल्ह्याएवढे आहे. असा विस्तार आदिवासी लोकांच्या भूमीवर झाला, आणि उत्तरेकडील कुरणांवर गुरे हाकणारे, खुणा डागणारे कुशल घोडेस्वार पुष्कळदा तेच आदिवासी असत. त्यांना पीठ, चहा, मांस यांचा शिधा आणि नाममात्र पैसा मिळे. २३ ऑगस्ट १९६६ रोजी नॉर्दर्न टेरिटरीतील वेव्ह हिल कुरणावर व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी लोकांनी काम सोडले. कुरण ब्रिटनमधील व्हेस्टी या मांसव्यापारी घराण्याचे होते. मागणी वेतनापासून सुरू झाली आणि जमिनीवर येऊन ठेपली. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती घालून काही जमीन परत दिली. ऑस्ट्रेलियातील स्वस्त स्टेकचा इतिहास सांगताना हा भाग गाळणे अन्यायाचे होईल, कारण ती स्वस्ताई अंशतः या न दिलेल्या मजुरीतून आली होती.

२०२१ च्या जनगणनेनुसार भारतात जन्मलेले पावणेसात लाखांच्या आसपास लोक ऑस्ट्रेलियात राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही बरीच आहेत. कार्यालयातील सहकाऱ्यांचे निरोपाचे किंवा नाताळचे जेवण ग्रिलमध्ये ठरले की गोमांस न खाणाऱ्याला निवड करावी लागते. लॅम्बचे कटलेट म्हणजे बरगडीचे नाजूक चॉप, बारामुंडी हा उत्तरेकडील मासा आणि कोंबडी हे पर्याय बहुतेक ठिकाणी असतात. कटलेट या शब्दाने तळलेली वडी येईल असे समजू नये. शाकाहारी माणसाला भाजलेले अळंबे, भोपळा, फ्लॉवर, भाजलेला बटाटा आणि कोशिंबिरी मिळतात, पण बटाटे कधी गोमांसाच्या चरबीत तळलेले असतात आणि अळंब्यांचा वा मिरीचा सॉस हाडांच्या अर्कात केलेला असतो. जाळीही एकच असू शकते. टेबल राखतानाच हे सांगितले तर स्वयंपाकघर वेगळा तवा वापरते. आहाराचे असे निर्बंध सांगणे तिथे नेहमीचे आहे आणि त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

स्टेकसोबत तिखट इंग्लिश मोहरी, हॉर्सरॅडिश, मिरीचा किंवा बेअर्नेझ सॉस ठेवतात. वाइन बहुधा बरोसा खोऱ्यातील शिराझ किंवा कूनावाराची कॅबर्ने. त्यांतील तुरटपणा चरबीचा थर जिभेवरून पुसून काढतो. अनेक साध्या रेस्टॉरंटांत, विशेषतः मेलबर्नमध्ये, स्वतःची बाटली आणू देतात आणि बूच उघडण्याचा थोडा आकार घेतात. शेवटी खजुराचे गरम पुडिंग किंवा पावलोवा येतो.

बिलावर टीप देणे बंधनकारक नसते. १९०७ च्या हार्व्हेस्टर निवाड्यापासून किमान वेतनाचे तत्त्व या देशात रुजले आहे आणि वाढप्याचे पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. मोठ्या रेस्टॉरंटात सेवा आवडली तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात, पबमध्ये काहीच नाही. रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी मात्र बिलात काही टक्के अधिभार लागू शकतो, कारण त्या दिवशी कामगारांना जास्त दराने पगार द्यावा लागतो. तो अधिभार मेनूकार्डावर आधीच छापलेला असतो.